घोंगड्याचा भाव

विणकाम करणाऱ्या बायकांना एक खोड असते. कपाटात दोन पिशव्या भरून लोकर पडलेली असली तरी परगावी गेलं की पाय आपोआप लोकरीच्या दुकानाकडे वळतात. "रंग बघून येते फक्त," असं म्हणून आत जायचं आणि अर्ध्या तासाने आणखी चार गुंडे घेऊन बाहेर यायचं. मी त्यातलीच. नवऱ्याने यावर बोलणं आता सोडून दिलं आहे.

गंमत अशी, की इतक्या वर्षांत 'लोकर' म्हणून मी जे काही घरी आणलं, त्यातलं बहुतेक कुठल्या मेंढीच्या अंगावर कधी नव्हतंच. ते अ‍ॅक्रिलिक. खनिज तेलापासून कारखान्यात केलेला धागा. आपण त्याला लोकर म्हणतो, दुकानदारही लोकर म्हणतो, आणि सगळं बिनबोभाट चालतं.

अमेरिकेतली माझी मावसबहीण न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेक गावी जाते. तिथे दर ऑक्टोबरात मेंढ्यांची आणि लोकरीची मोठी जत्रा भरते. मग आठवडाभर तिचे फोटो येत राहतात. रंगवलेल्या लडी, चरख्यावर कातणाऱ्या बाया, गळ्यात बक्षिसाची फीत घातलेल्या मेंढ्या.. यंदा तिने विचारलं, "आपल्याकडे असं काही नसतं का गं?" मी लगेच कळवलं, "असतं की! फक्त आपल्याकडे त्या जत्रेला देव असतो."

तर ताई, हे मुख्यतः तुझ्यासाठी. बाकीच्यांनीही वाचा.

म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातलं, माणगंगेच्या काठचं गाव. सिद्धनाथ आणि जोगेश्वरी ही इथली दैवतं. दिवाळी पाडव्याला घट बसतात, तुळशीच्या लग्नाच्या वेळी देवाचंही लग्न लागतं आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला नवरा-नवरी रथात बसून वरातीला निघतात. २०२५ साली ही प्रतिपदा २१ नोव्हेंबरला, शुक्रवारी आली. म्हणजे दुसऱ्या दिवशी शनिवार, आणि शनिवारी शेजारच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार. यात्रा आणि बाजार असा दुहेरी योग. माझं सासर सातारा, माहेर सांगली. शुक्रवारी म्हसवड, शनिवारी आटपाडी करून संध्याकाळी सांगलीला अण्णांकडे, असा बेत ठरला. सोबत धाकट्या जाऊबाई. भाव करण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

जाण्याचं निमित्तही पक्कं होतं. अण्णांना घोंगडं हवं होतं. अण्णा प्राथमिक शिक्षक होते, उमेदीची वर्षं आटपाडी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत गेली. १९७२ च्या दुष्काळात शाळेत पोरांना सुकडी वाटायचे, त्या वर्षी त्यांनी एक काळं घोंगडं विकत घेतलं. ते आम्हा भावंडांच्या अंगाखाली होतं, पाहुण्यांच्या अंगावर होतं, पावसाळ्यात खोळ करून अण्णांच्या डोक्यावरही होतं. आता त्याला कसर लागून चाळण झाली आहे. अण्णांचं वय चौऱ्याऐंशी. फोनवर म्हणाले, "म्हसवडचंच आण. मागावरचं आण. सूत हातचं बघ."

सूत हातचं बघ! एवढ्या एका वाक्याने किती काम लावलं होतं ते म्हसवडला गेल्यावर कळलं.

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवलं करत म्हसवडला जाताना एकेक झाड कमी होत जातं. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. शेती बेभरवशाची, म्हणून इथला माणूस मेंढरामागे गेला. दख्खनी मेंढी ही इथली. काळी, काटक, कुसळं खाऊन जगणारी आणि दिवसाला कोसच्या कोस चालणारी. तिची लोकर राठ असते, स्वेटरच्या कामाची नाही. तिचं घोंगडं होतं, आणि घोंगड्यासाठी ती जशी आहे तशीच चांगली. राठ केस एकमेकांत अडकून बसतात, त्यातलं नैसर्गिक तेल पाणी लवकर आत शिरू देत नाही. रिमझिम पावसात धनगर दिवसभर घोंगड्याची खोळ घेऊन उभा राहतो ते उगीच नाही. मात्र एकदा का ते पुरतं भिजलं की इतकं जड होतं आणि वाळायला इतका वेळ घेतं, की आपल्या भाषेत लोंबकळत पडलेल्या प्रत्येक कामाला 'भिजत घोंगडं' म्हणायची पद्धतच पडून गेली.

म्हसवडला पोचलो तेव्हा गाव गुलालाने माखलेलं होतं. गुलाल-खोबऱ्याची उधळण, "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं"चा गजर, आणि माणसांच्या डोक्यांवरून संथ सरकणारा रथ. दर्शन झालं, खोबऱ्याचा तुकडा जाऊबाईंच्या नेमका कपाळावर बसला (प्रसाद!), आणि आम्ही बाजाराकडे वळलो. पाळणे, भांडी, बांगड्या, पेढे, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा.. आणि मग घोंगड्यांची पालं.

तिथे मात्र मी हरखले. घडीवर घडी रचलेली काळी, करडी, पांढरी घोंगडी. काहींना लाल काठ. पूजेला बसायची आसनं. कोपऱ्यात जेन नावाचा प्रकार, तो ताई तुला माहीत नसेल. जेन विणत नाहीत. पिंजलेली लोकर थरावर थर पसरायची, पाणी मारायचं, गुंडाळून दाबून दाबून तिचा एकजीव जाड पट्टा करायचा. आपण लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला की तो आटून पुठ्ठ्यासारखा होतो ना, तेच काम मुद्दाम केलेलं. ऱ्हाइनबेकला 'फेल्टिंग' म्हणून पैसे भरून शिकवत असतील, ते म्हसवडला ताडपत्रीवर विकायला ठेवलेलं होतं.

पण सगळीच घोंगडी सारखी नव्हती. पहिल्या दोन पालांवर मऊ, चकचकीत, एकसारख्या विणीची रास. किंमत नऊशे, हजार. हात लावला की कळतं, हे गिरणीच्या सुताचं, काही तर निव्वळ अ‍ॅक्रिलिक. पानिपतला जुने गरम कपडे फाडून, पुन्हा कातून ब्लँकेटं करण्याचा मोठा धंदा आहे, तसलीही दोन-चार त्यात होती. विकणारा फसवत नव्हता हं. मी विचारल्यावर सरळ म्हणाला, "अक्का, हे मशीनचं. हातचं पाहिजे आसंल तर पल्याड जावा. पर तिकडं भाव हाय."

पल्याड गेलो. तिथे पालाच्या कडेला एक आजी चरखा घेऊन बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या. एका हाताने चाक फिरतंय, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून काळ्या लोकरीचा पेळू सुटतोय आणि त्याचा धागा होतोय. मी बराच वेळ नुसतं बघत उभी राहिले. मीही घरी हौसेने टकळीवर कातून पाहिलं आहे. माझा धागा दर वितीला तुटतो. आजींचा तुटत नव्हता, आणि त्या बोलत होत्या, पान खात होत्या, मधूनच नातवाला हाक मारत होत्या.

मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात. कोकराची पहिली कातरलेली लोकर ते जावळ, सगळ्यांत मऊ. जावळाचं घोंगडं लहान बाळाच्या अंगालाही टोचत नाही. लोकर निवडायची, काटे-कुसळं काढायची, धनुकलीने पिंजायची, पेळू करायचे, मग कातायचं. उभ्या धाग्यांचा ताणा लावला की त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली. त्याने राठ सुताला ताठपणा येतो आणि ते मागावर तुटत नाही. मग खड्ड्यातल्या मागावर विणकर बसतो. पिढ्यान् पिढ्या हे काम सनगरांचं आणि खुटेकर धनगरांचं. मेंढरं हाटकर धनगरांची, विणणारे हे. एकाचं काम संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू.

"आजी, दिवसात किती कातून होतं?"

"आता डोळं गेलं बाई. दिसभर बसलं तर पाव किलू."

"आणि एका घोंगड्याला किती लागतं?"

"आडीच किलू धर."

म्हणजे दहा दिवस. एका घोंगड्याचं नुसतं सूत कातायला दहा दिवस. लोकरीचा हिशोब वेगळाच. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर देते, तेव्हा एका घोंगड्यात पाच-सहा मेंढ्यांचं अख्खं वर्ष असतं.

इकडे जाऊबाईंनी एक सुरेख काळं घोंगडं, तांबूस झाक असलेलं, निवडून ठेवलं होतं आणि भाव सुरू केला होता. आजींचा मुलगा बत्तीसशे म्हणत होता. जाऊबाई अडीच हजारांवर अडून बसल्या. "दादा, पलीकडे हजाराला मिळतंय की हो!" तो चिडला नाही. कंटाळल्यासारखा हसला फक्त आणि म्हणाला, "ताई, तेच घ्या मग. त्ये बी ऊबच देतंय."

मला पालाच्या कडेला उभ्या उभ्या तोंडी हिशोब सुचला. ताणा, खळ, विणणं मिळून विणकराचे तीन दिवस, चारशे रुपयांनी धरले तरी बाराशे. लोकर, चिंचोके, टेम्पोचं भाडं, जागेचं भाडं आणि विकणाऱ्याला काही सुटायचं ते, असे सात-आठशे. बत्तीसशेतून हे गेले की उरले बारा-साडेबाराशे. भागिले दहा दिवस. म्हणजे आजींना दिवसाला सव्वाशे. भांगलणीला गेलेल्या बाईला तीनशे मिळतात, हे त्यांच्याच सुनेने मला थोड्या वेळापूर्वी सांगितलं होतं.

आता जाऊबाई सातशे रुपये कमी करायला सांगत होत्या. ते कुठून कमी होणार? टेम्पोवाला कमी करणार नाही. जागाभाडं कमी होणार नाही. विणकर दुसरं काम धरेल. कमी होणार ते एकाच ठिकाणी, चरख्यापाशी. कारण त्या घरात दिवसाचा हिशोब न मागणारी ती एकटीच आहे. सव्वाशेचे पंचावन्न होणार.

मी जाऊबाईंना बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मग ताई, तीनशे रोज धरला तर घोंगडं केवढ्याला पडेल?" मी मोजलं. पाच हजारांच्या घरात. "आणि पाच हजाराला कोण घेईल?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही पक्कं नाही. जाऊबाईंनी पर्स उघडली, बत्तीसशे मोजून दिले आणि आजींकडून पाणी मागून प्यायल्या. आमच्या घरात ही नोंद ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

मला स्वतःसाठी हवं होतं ते नुसतं सूत. "इणलेलं नाय? नुस्तं सूत?" आजींना मोठी मौज वाटली. कातलेलं सूत सुटं विकत घेणारी बाई त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटली असावी. एक किलो घेतलं. भाव त्यांनाच ठरवायला सांगितला तर दोनशे म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, एका किलोला तुमचे चार दिवस लागतात. त्या म्हणाल्या, "दिस तर जायाचाच की बाई, कातलं न्हाय तरी." हे वाक्य त्यांनी समाधानाने म्हटलं की कसं, मला कळलं नाही. मी चार दिवसांचे बाराशे दिले. थोडी ओढाताण झाली, शेवटी त्यांनी घेतले आणि वर एक मूठ न कातलेलं जावळ पिशवीत कोंबलं.

दुसऱ्या दिवशी दिघंचीवरून आटपाडी. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ याच तालुक्यातलं, आणि 'बनगरवाडी'तले मेंढके याच माळावरचे. तो बाजार पाहिला की पुस्तकातली माणसं अजून हिंडतायत असं वाटतं, फक्त आता त्यांच्या हातात मोबाईल आहे आणि मेंढरं पिकअपमधून येतात. व्यवहार मात्र तसाच. दोघांनी हातात हात द्यायचे, वरून टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव करायचा. आजूबाजूला वीस माणसं उभी, पण आकडा दोघांनाच ठाऊक.

बाजारात मान होता माडग्याळ मेंढ्यांना. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून पडलेलं नाव. उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, लांब कान आणि पोपटासारखं बाक असलेलं नाक. २०२० च्या डिसेंबरात आटपाडीकडच्या अशाच एका बकऱ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकाने दीड कोटी सांगून तो विकला नाही, ही बातमी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. मी एका मालकाला भाबडेपणाने विचारलं, "दादा, हिची लोकर किती निघते?" आजूबाजूचे सगळे हसले. तो म्हणाला, "लोकर न्हाय म्हणून तर हिला भाव हाय, ताई! कातरायचा ताप न्हाय."

मग त्याने नीट समजावून सांगितलं. दख्खनी मेंढी कातरायला माणूस लावावा लागतो, तो मेंढीमागे पैसे घेतो. लोकर विकून तेवढे पैसेही परत येत नाहीत. कातरलं नाही तर उन्हाळ्यात जनावराला त्रास. म्हणून कातरतात आणि लोकर तिथेच बांधाला टाकून पुढे जातात. पैसा मटणाचा आहे, आणि रानात कळप बसवून मिळणाऱ्या खताचा. फलटणच्या निंबकर संस्थेने, म्हणजे 'नारी'ने, बंगालच्या सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा गुण दख्खनीत आणून जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली. मेंढपाळाच्या दृष्टीने मोलाचंच काम आहे ते. दर मेंढीमागे एक कोकरू जास्त म्हणजे घरात सरळ पैसा. त्याला कोण नको म्हणेल? पण यात लोकर कुठेच नाही. मेंढीचं सगळं वाढतंय, वजन वाढतंय, कोकरं वाढतायत, भाव वाढतोय. अंगावरचे केस तेवढे कुणाला नको आहेत.

मी तिथे उभी राहून दोन्ही दिवस एकमेकांशेजारी ठेवून पाहत होते. इथे लोकर फुकट जाते. तिथे लोकरीचं घोंगडं महाग म्हणून कुणी घेत नाही. मधला सगळा भाव माणसाच्या हातांचा आहे, आणि त्यातही ज्या हातांना सगळ्यांत जास्त दिवस लागतात त्यांना सगळ्यांत कमी मिळतात. विणकराचं निदान नाव होतं, त्याचा मागासोबत फोटो छापून येतो. कातणारीचा फोटो आला तर 'परंपरा जपणारी आजी' म्हणून. मजुरी कुणी विचारत नाही.

'कला टिकली पाहिजे' हे मीही अनेकदा म्हटलं आहे. मुंबईत भरणाऱ्या माणदेशी महोत्सवात घोंगड्याच्या स्टॉलपुढे उभं राहून तर हमखास म्हणते, आणि तिथे शहरातली माणसं खरंच घोंगडी घेतात, हेही खरं. पण आजींची सून कातत नाही. तिने का कातावं? भांगलणीचे तीनशे सोडून सव्वाशेवर तिने बसावं, हे माझ्यासारखीने कुठल्या तोंडाने सांगायचं? आजींच्या पाव किलोमागे पन्नास-साठ वर्षांचा सराव आहे. हा हात थांबला की माग बंद पडायची वेळ आलीच. हातचं सूत नाही म्हणून विणकर गिरणीचं सूत घेईल, ते घोंगडं नऊशेच्या राशीत जाईल आणि तिथे पानिपतशी त्याची गाठ आहे. ती शर्यत तो जिंकणार नाही. म्हणजे हा सगळा डोलारा त्या चिमटीतल्या धाग्यावर उभा आहे, आणि नेमका तोच धागा आपण भाव करताना ओढतो.

संध्याकाळी भिवघाटावरून तासगाव करत सांगलीला पोचलो. अण्णांनी घोंगडं मांडीवर घेतलं, चष्मा वर करून काठापाशी दोन बोटांत सूत चोळून पाहिलं. नाकाला लावलं. मेंढीचा वास आल्यावर चेहरा खुलला.

"किती वर्षं टिकेल म्हणाला?"

"चाळीस म्हणाला."

"अरे वा! पहिली दोन-चार माझी, बाकीची तुमची." आणि स्वतःच हसले. आम्ही कुणी हसलो नाही.

मग विचारलं, "काय पडलं?" मी सांगितलं. "कमी किती केले?" मी म्हटलं, काहीच नाही. मला वाटलं, हिशोबी मास्तर आता रागावणार. ते थोडा वेळ घोंगड्यावरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "बहात्तर सालीही मी केले नव्हते. मेंढरं मरत होती. त्या माणसाने घरातलं शेवटचं घोंगडं विकायला आणलं होतं. तेव्हा भाव केला असता तर हे पन्नास वर्षं अंगावर घेता आलं नसतं." इतक्या वर्षांत ही गोष्ट आम्हाला त्यांनी कधी सांगितली नव्हती.

ज्यांना घोंगडं घ्यायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. हातच्या सुताचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो. एकसारखा असेल तर गिरणीचा. कडेचा एक तंतू काढून पेटवून बघा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि बोटाने चुरडणारी राख होते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ओला रुमाल घासून रंग लागला तर ते रंगवलेलं. मेंढीचा काळा रंग लागत नाही. नवं घोंगडं टोचतंच, वापराने मऊ होतं. वॉशिंग मशीनमध्ये मुळीच टाकू नका, नाहीतर त्याचं जेन होईल. पावसाळा संपला की कडक ऊन द्या आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, कसर लागत नाही.

आणि विकणाऱ्याला एवढं विचारा, की सूत कुणी कातलं. बहुतेक वेळा उत्तर मिळतं, कधी माणूसही तिथेच बसलेलं असतं. मग भाव करायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही.

ताई, तुझ्यासाठी आजींच्या सुतातून एक आसन क्रोशाने विणायला घेतलं आहे. फार टोचतंय बोटांना. पण एकही धागा अजून तुटलेला नाही.